संच्याला माणसे लागतात

(मंडळाच्या जून महिन्यातील मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या महिन्यात सेक्रेटरींनी आम्हाला गाठून विचारले, "तुमच्याकडे संच्याचे आइस्क्रीम झाले म्हणे. त्यावर सभेत थोडे बोलाल का?" आम्ही हो म्हटले. आम्ही म्हणजे दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यातली अकरा चुलत भावंडे. त्यांतली सात जण आज बडोद्यात आहोत आणि सातही जण या सभागृहात हजर आहोत. बोलणारा एकच असला तरी मजकूर सगळ्यांनी मिळून केला आहे. तेव्हा चूक निघाली तर ती सातांत वाटून घेऊ. वाटण्या करण्याची सवय आमच्या घराण्याला आहेच.

समोरच्या टेबलावर जी लाकडी बादली ठेवली आहे, तोच तो संचा. मंडळातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना ओळख करून द्यायला नको. लहानांसाठी सांगतो. बाहेरची बादली सागवानी फळ्यांची, वरून लोखंडी पट्ट्या ठोकलेली. तिच्या आत हा उभा डबा. हा पाच लिटरचा आहे. डब्यात हा पंखा, त्याला लाकडी पाती. वर दात्यांच्या चाकांचा आडवा दांडा, आणि त्याला हे हँडल. हँडल फिरवले की डबा एका बाजूला फिरतो आणि पंखा त्याच्या उलट. बादलीच्या काठाखाली चार बोटांवर हे एक भोक आहे. ते नीट पाहून ठेवा. या भोकाने आमची फजिती केली, ती पुढे सांगणार आहोत.

आमच्या लहानपणी वर्षातून दोनदा संचा माळ्यावरून खाली यायचा. एकदा मे महिन्यात, मुंबई-पुण्याची आते-मामेभावंडे सुट्टीला आली की, आणि एकदा कोजागिरीला. उन्हाळ्यातला दिवस असा: सकाळी आजी दूध आटवायला ठेवायची. दुपारी दोन मोठे भाऊ सायकल घेऊन बर्फाच्या कारखान्यावर जायचे. कारखान्यातला माणूस विचारायचा, "संचा माटे छे? तो आखी पाट लई जाव." पाट म्हणजे बर्फाची लादी. अख्खी लादी परवडायची नाही, म्हणून अर्धीच यायची. ती गोणपाटात गुंडाळून, वर लाकडाचा भुसा लावून कॅरिअरला बांधायची. बडोद्याच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात घरी येईपर्यंत मागे रस्त्यावर पाण्याची रेघ उमटलेली असे. मग अंगणात गोणपाटावर मोगरीने बर्फ फोडणे, खडे मीठ परातीत काढणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नंबर लावणे.

नंबर मोठ्या काकू लावायच्या. त्यांचा नियम साधा होता. सुरुवातीला दूध पातळ असते, हँडल हलके फिरते, म्हणून लहान मुले आधी. प्रत्येकाच्या शंभर फेऱ्या, मोठ्याने मोजून. मग मधली मुले, मग कॉलेजातली. शेवटी हँडल जड झाले की आप्पाकाका शर्ट काढून बनियनवर बसायचे. तेव्हा संचा जागचा हलायला लागायचा. म्हणून त्यावर गोणपाटाची घडी टाकून एका लहानग्याला बसवायचे. ज्याला तिथे बसायला मिळायचे, त्याची बूड गारठायची, पण मान मोठा. फेऱ्या चुकवणाऱ्याला वाटी अर्धी. आजारी माणसाला मात्र हात न लावता पूर्ण वाटी. हा कायदा आजही आम्हाला न्याय्य वाटतो.

आता यात होते काय, ते सांगतो. आमच्यात एक भाऊ शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला आहे. हा भाग त्याचा.

बर्फात मीठ घातले की थंडी तयार होते असा आपला समज असतो. तसे नाही. मीठ बर्फाला वितळायला लावते. बर्फाला वितळण्यासाठी उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नाही. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता ओढतो, तितक्या उष्णतेत शून्य अंशाचे एक किलो पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापेल. नुसता बर्फ वितळला तर तो शून्य अंशावरच राहतो. शून्यावर साखरेचे दूध गोठत नाही, त्याला त्याच्याही खाली दोन-तीन अंश जावे लागते. बर्फात मीठ मिसळले की ते मिश्रण शून्याच्या खाली उतरते. प्रमाण अगदी अचूक असेल तर उणे एकवीस अंशांपर्यंत जाते. घरच्या बादलीत उणे दहा-बारा मिळाले तरी काम होते. ही उष्णता बर्फाला कुठून तरी घ्यायची असते. बाहेरची बादली लाकडाची, तिच्यातून उष्णता सहज येत नाही. आतला डबा धातूचा, त्यातून लगेच येते. म्हणून बर्फ ती दुधातून ओढून घेतो. बादली लाकडाची का आणि डबा धातूचा का, याचे उत्तर इतके सोपे आहे.

आणि फिरवायचे कशासाठी? डब्याच्या भिंतीला लागलेले दूध आधी गोठते. तसेच ठेवले तर बर्फाच्या लांब सुया तयार होतात आणि खाताना करकर लागते. पंख्याची पाती तो थर खरवडून मध्ये आणतात, नवे दूध भिंतीकडे जाते. कण बारीक राहतात, थोडी हवाही मिसळते. आपल्या कुल्फीला हे फिरवणे लागत नाही, कारण तिचे दूध इतके आटवलेले असते की सुया व्हायला पाणीच फारसे उरत नाही. म्हणून कुल्फी घट्ट आणि चिवट, संच्याचे आइस्क्रीम मऊ आणि रवाळ. कारखान्यातल्या आइस्क्रीममध्ये हवा पुष्कळ असते. हाताने तितकी भरता येत नाही. त्यामुळे संच्याची एक वाटी दिसायला लहान असली तरी पोटाला कळते.

गार करण्याची ही युक्ती आपल्याकडे नवी नव्हती. अकबराच्या दरबारात सोऱ्याने पाणी गार करत असत, हे 'आईन-ए-अकबरी'त लिहिलेले आहे. बर्फ मात्र डोंगरातून आणावा लागे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजात भुशात दडपलेला बर्फ कोलकात्याला उतरला, आणि पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. दहा वर्षांनी, १८४३ साली, फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या आइस्क्रीम-यंत्राचे पेटंट घेतले. आपला संचा त्याच घराण्यातला. मग गावोगाव बर्फाचे कारखाने निघाले आणि हे यंत्र साध्या घरांपर्यंत आले. आपल्या गुजरातेत तर ते चांगलेच रुजले. दूध इथे भरपूर, आणि मीठ तर देशातले बहुतेक इथल्याच मिठागरांतून जाते. अहमदाबादेत १९०७ साली सोड्याच्या दुकानापासून सुरू झालेल्या वाडीलालसारख्या मोठ्या नावाचे पहिले आइस्क्रीमही हाताने फिरवूनच होत असे. गुजरातीत मिठाला मीठुं म्हणतात आणि गोडालाही मीठुं म्हणतात. संच्याजवळ बसले की या भाषेत एकच शब्द का असावा, ते पटते.

आता आमच्या घरची गोष्ट. ती सांगावी की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. सांगावी असे ठरले, कारण या सभागृहात बसलेल्या निम्म्या घरांत ती थोड्याफार फरकाने घडलेली आहे.

घरात फ्रीज आला, मग फ्रीजरचे खण मोठे झाले. १९९६ साली अमूलचे आइस्क्रीम आले. कोपऱ्यावरच्या दुकानात हवे तेव्हा, हव्या त्या चवीचे आइस्क्रीम मिळू लागले आणि चांगले मिळू लागले. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, आम्ही सगळ्यांनी ते आवडीने खाल्ले. संचा माळ्यावर राहिला. त्यानंतर वाड्याचा प्रश्न निघाला. वडील मंडळी थकली होती, पुढची पिढी निझामपुऱ्याला, मांजलपूरला, अलकापुरीला फ्लॅट घेत होती. वाडा विकायचा की ठेवायचा, कुणाचा हिस्सा किती, दुरुस्तीला कुणी किती खर्च केला, यावरून दोन घरांत बोलणे बंद झाले. लग्नाच्या पत्रिका पोस्टाने गेल्या. श्राद्धपक्षाला एकमेकांकडे पान मांडणे थांबले. हे चौदा वर्षे चालले.

वाडा रिकामा करताना भांड्यांची, कपाटांची, देवांचीसुद्धा यादी झाली. संच्याचे नाव कुठल्याच यादीत नव्हते. तो कुणालाच नको होता. ज्याच्या हाताला जो भाग लागला, तो त्याच्या टेम्पोत गेला. बादली एका घरी गेली, तिच्यात त्यांनी गॅलरीत गवती चहा लावला. डबा दुसऱ्या घरी गेला, त्यात तांदूळ भरले. दांडा आणि हँडल तिसऱ्याकडे लोखंडी सामानाच्या पेटीत पडले. पंखा मोठ्या काकूंच्या ट्रंकेत, जुन्या चादरीत गुंडाळलेला निघाला. तो त्यांनी मुद्दाम ठेवला होता की कसे, हे त्या सांगत नाहीत.

यंदाच्या एप्रिलमध्ये काकूंना सत्त्याऐंशीवे वर्ष लागले. पडल्याचे निमित्त होऊन त्या दीड महिना अंथरुणावर होत्या. जेवण जात नव्हते. काय खावेसे वाटते असे सुनेने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "संच्याचं आंब्याचं आइस्क्रीम." सुनेने दुकानातून चांगल्यातले आंब्याचे आणून दिले. काकूंनी दोन चमचे खाल्ले आणि म्हणाल्या, "चांगलं आहे ग. पण मी संच्याचं म्हटलं होतं."

त्या संध्याकाळी फोन सुरू झाले. चौदा वर्षांनी पहिला फोन करणाऱ्याने काय बोलावे? तो एवढेच म्हणाला, "तुमच्याकडे डबा आहे का रे, संच्याचा?" पलीकडून थोडा वेळ काहीच आले नाही. मग उत्तर आले, "आहे. तांदूळ काढतो."

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सगळे भाग एका ठिकाणी आले. बादलीतली माती काढली, घासली. पण पाणी ओतले तर फळ्यांच्या फटींतून धारा लागल्या. लाकूड वाळून आक्रसले होते. आम्ही ती टाकायलाच निघालो होतो. काकू आतून ओरडल्या, "अरे, भिजत घाला तिला!" दोन दिवस बादली पाण्याने भरून, ओले गोणपाट गुंडाळून ठेवली. लाकूड फुगले आणि फटी आपोआप मिटल्या.

पहिला प्रयत्न फसला. बादलीच्या भोकात गवती चहाच्या मुळांचा गुंता आणि माती अडकून राहिली होती, ती कुणी पाहिली नाही. बर्फ वितळत गेला, खारे पाणी बाहेर पडायला वाट मिळाली नाही. ते वर चढून झाकणाच्या कडेने डब्यात शिरले. दोन लिटर दूध, तीन वाट्या आमरस, आठ किलो बर्फ आणि आमची दीड तासाची मेहनत, सगळे खारट झाले. पूर्वीचे दिवस असते तर कुणाचे लक्ष नव्हते यावर नवे भांडण झाले असते. पण त्या दिवशी प्रत्येक जण म्हणाला, "माझंच चुकलं, मीच बघायला हवं होतं." आणि मग सगळे हसायला लागलो.

पुढच्या रविवारी पुन्हा बसलो. या वेळी भोक आधी तारेने मोकळे केले. फेऱ्या मोजल्या. नातवंडे पुढे, आम्ही मध्ये. आप्पाकाका आता नाहीत. हँडल जड झाले तेव्हा त्यांचा मुलगा बसला, आणि तो थकला तेव्हा ज्या घराशी बोलणे नव्हते, तिथल्या भावाने त्याच्या हातातून हँडल घेतले. मध्ये थांबवले तर पंखा गोठून बसतो, म्हणून एकाचा हात सुटायच्या आधी दुसऱ्याचा लागावा लागतो. क्षणभर दोघांचे हात एकाच हँडलवर होते. यावर कुणी काही बोलले नाही. फेऱ्या मोजणे चालू होते.

काकूंनी दीड वाटी खाल्ली. मग म्हणाल्या, "साखर किंचित कमी पडली." अगदी खरे होते.

वाड्याचा प्रश्न मिटला असे आम्ही सांगणार नाही. कागद अजून वकिलाकडे आहेत. पण यंदा पक्षाला दोन्ही घरचे एकत्र बसणार आहेत, एवढे ठरले आहे. दुकानातून आइस्क्रीम आणले असते तर हे झाले नसते. त्या आइस्क्रीमात दोष होता म्हणून नव्हे. ते एकट्याला आणता येते म्हणून. संचा एकट्याला चालवता येत नाही. त्याला माणसे लागतात, आणि ती एकाच वेळी, एकाच अंगणात लागतात.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी आमचे प्रमाण सांगतो. पाच लिटरच्या डब्याला दोन लिटर म्हशीचे दूध आटवून दीड लिटर करायचे. गार दुधात कालवलेले दोन चमचे कॉर्नफ्लोअर त्यात घालून एक उकळी आणायची. साखर साडेतीनशे ग्रॅम. चाखताना जरा जास्त गोड वाटले पाहिजे, कारण थंडीत जिभेला गोडी कमी कळते. पण फार वाढवू नका, जास्त साखरेने आइस्क्रीम जमत नाही. दूध पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या घोटलेली साय घालायची आणि सगळे चार-पाच तास फ्रीजमध्ये ठेवायचे. आमरस तीन वाट्या. केशर आंबा असेल तर उत्तमच. रस गरम दुधात कधीही घालू नये, दूध फाटते. डबा दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, कारण आइस्क्रीम फुगते.

बर्फ आठ ते दहा किलो, खडे मीठ दोन किलो. बारीक मीठ नको, ते लगेच विरघळून खाली बसते. बर्फाचे तुकडे सुपारीपेक्षा मोठे आणि लिंबापेक्षा लहान. चार बोटे बर्फ, त्यावर दोन मुठी मीठ, असे थर लावायचे. पहिली दहा मिनिटे सावकाश फिरवायचे, मग वेग वाढवायचा. साचलेले खारे पाणी मधूनमधून काढून टाकायची घाई करू नका. गार करण्याचे काम तेच करत असते. ते फक्त झाकणापर्यंत चढू द्यायचे नाही, आणि त्यासाठीच ते वरचे भोक आहे. साधारण अर्ध्या-पाऊण तासात हँडल जड होते. मग झाकण आधी ओल्या फडक्याने आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसायचे आणि त्यानंतरच उघडायचे. पंखा काढून घ्यायचा. तो चाटायचा मान कुणाचा, हे आधीच ठरवून ठेवावे. झाकण लावून, नवा बर्फ-मीठ घालून, वर गोणपाट टाकून तासभर मुरू द्यायचे. उरलेले खारे पाणी झाडांना घालू नका. आमच्या काकूंची एक तगर त्यात गेली आहे.

शेवटी एक विनंती. हा संचा पुन्हा चार घरांत विभागून जाऊ नये असे आम्हा सातांना वाटते, आणि कुणा एकाच्या घरी ठेवला तर तो त्याचाच होईल, अशी भीतीही वाटते. म्हणून तो आम्ही मंडळाला देत आहोत. भांडारातल्या कपाटात त्याला जागा द्यावी. ज्या घराला हवा असेल त्याने न्यावा, धुऊन, वाळवून परत आणावा. अट एकच आहे. भाड्याची नाही, अनामतीचीही नाही. नेणाऱ्याने निदान दोन घरची माणसे बोलवावीत, आणि त्यांतले एक घर असे असावे की ज्यांच्याकडे बरेच दिवसांत जाणे झालेले नाही.

यंदा गणेशोत्सवात कार्यकर्त्यांच्या जेवणाच्या दिवशी पहिला मान मंडळाचा. भाद्रपदात आंबा नसतो, तेव्हा केशर-वेलचीचे करू. आधी दोन दिवस बादली भिजत घालण्याचे काम आमच्याकडे. बर्फ सेक्रेटरी आणतील, त्यांनी तसे कबूल केले आहे. नंबर लावायला मोठ्या काकू येणार आहेत. त्या आता वॉकर घेऊन चालतात, पण फेऱ्या मोजताना अजून चुकत नाहीत. शंभर फेऱ्या पूर्ण केल्याशिवाय पूर्ण वाटी मिळणार नाही, मग तो अध्यक्ष असो वा सभासद.



गणपती बाप्पा मोरया!